दुसऱ्या हाताला

“योशिहिको!” एवढंच मी म्हणालो. माझंच नाव, माझ्याच तोंडून, जरा गरजेपेक्षा मोठ्यानं. डिसेंबरातला रविवार, दुपारचे सव्वातीन, नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबलांभोवती आम्ही चौदा जण. कुणी “अरे वा!” म्हणालं, कुणी टाळी वाजवली, नोंद ठेवणाऱ्या बाईंनी वहीत माझं नाव लिहूनही टाकलं. आणि मी समोरच्या गार झालेल्या चहाकडे बघत बसलो, कारण कविता माझी नव्हती. चटकन म्हणता आलं असतं, माफ करा हं, चुकून बोललो. अशा चुका होतात. गेल्या वर्षी आमचे कोमोतो, बँकेतून निवृत्त झालेले, डुलकी लागल्यामुळे दुसऱ्याच कुणाच्या कवितेला स्वतःचं नाव घेऊन बसले होते. सगळे पोट धरधरून हसले. “म्हातारा झालो हो, स्वतःची पोरंसुद्धा ओळखू येत नाहीत,” असं म्हणत त्यांनी टक्कल खाजवलं आणि विषय संपला. मलाही तेवढंच करायचं होतं. दोन श्वासांची मुदत होती. पहिला श्वास घेतला, दुसरा सोडला आणि मुदत संपली, कारण तोवर नाम्बा सेन्सेईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. सेन्सेई म्हणजे आमचे गुरुजी, चौऱ्याऐंशी वर्षांचे. एखाद्या कवितेवर मनापासून बोलायचं असलं तरच ते चष्मा काढतात. अकरा वर्षं मी या बैठकीला येतोय. माझ्यासाठी तो चष्मा एकदाही निघाला नव्हता.

आमची रीत साधी आहे. प्रत्येकानं पाच हायकू पाच चिठ्ठ्यांवर लिहून आणायचे, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या मिसळायच्या, वाटायच्या. ज्याच्या वाट्याला ज्या येतील त्या त्यानं आपल्या अक्षरात एका कागदावर उतरवून घ्यायच्या, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. मग ते कागद टेबलाभोवती फिरतात, जो तो आपल्याला आवडलेले पाच निवडतो आणि यंदापासून कोमोतो एकेकाची निवड वाचून दाखवतात. सेन्सेईंची सगळ्यात शेवटी. आपली कविता ऐकू आली की तिथल्या तिथे आपलं नाव घ्यायचं. तोवर कुणाची कुठली, कुणालाच माहीत नसतं. म्हणे! म्हणे अशासाठी, की उतरवून घेणाऱ्याला अक्षर दिसतंच की. पण त्यानं ते पाहिलं नाही असं धरून चालायचं, ही आमची सभ्यता. अकरा वर्षं मी ती पाळली. त्या दिवशीही पाळत होतो. माझ्या वाटच्या चिठ्ठ्यांमधली एक वाकड्यातिकड्या अक्षरात होती, पहिलीतल्या पोरानं लिहिल्यासारखी, रेघा चढउतार करत गेलेल्या. एका नजरेत कळलं. आमच्यात डाव्या हातानं लिहायची पाळी एकाच माणसावर आली होती, आणि ते माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं.

होरी ताकेयो. शहात्तर वर्षांच्या. एप्रिलात त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं. वाचा परत आली, पण उशिरा येणारी. पाणीपुरवठा खात्यात मी सदतीस वर्षं काढली. नळाची दुरुस्ती झाल्यावर पाणी सोडलं की आधी नुसती हवा येते, मग घुर्रर्र होतं, मग पाणी. ताकेयोबाईंचं बोलणं तसं झालं होतं. आठ महिन्यांनी त्या पहिल्यांदाच बैठकीला आल्या होत्या. सून गाडीनं खाली सोडून गेली, मी हाताला धरून वर आणलं, खुर्ची ओढून दिली. सगळ्यांनी बघितलं, कुरामित्सु-सान (कुरामित्सु माझं आडनाव, सान आदराचं) किती करतात. मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तर त्यांची चिठ्ठी मी माझ्या वळणदार अक्षरात उतरवली. अशी होती:

हातमोजा —
एक हात चढवतो
दुसऱ्या हाताला

उतरवताना मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, मग काय पायानं चढवणार? हातमोजा हातानंच चढवतात. बिचारी. पूर्वी बरं लिहायची, दुखण्यात धार गेली सगळी. एवढं म्हणून मी पुढची चिठ्ठी घेतली. माझ्या निवडीच्या पाचांत ती नव्हती. पंचविसांची निवड करायला सांगितली असती, तरी नसती. आणि हेच मला राहून राहून छळतं. एखाद्या गोष्टीचा मोह पडावा, डोळे दिपावेत, मग हात जावा, तर ती निदान माणसासारखी चोरी. मला तर ती दिसलीसुद्धा नव्हती. सेन्सेईंनी निवडली, कोमोतोंच्या त्या रेडिओवरच्या बातम्यांसारख्या आवाजात “खास निवड” असे शब्द आले, त्यामागून त्या तीन ओळी आल्या, आणि एकाएकी ती कविता मोठी झाली. ओळी त्याच. मधल्या अर्ध्या तासात त्यांच्यात काना-मात्रेचा फरक पडला नव्हता.

पहिल्या रात्री मी स्वतःला समजावलं, अरे, तू ती तुझ्या हातानं लिहिली होतीस, ऐकताना ओळखीची वाटली, तोंडून नाव निघालं, झालं. हे किती पटण्यासारखं आहे बघा. वकिलालाही सुचलं नसतं. पण एक गोष्ट या समजावणीत बसत नाही. ओळी वाचून झाल्यावर खोली शांत झाली आणि माझ्या डाव्या बाजूला, अगदी खांद्यापाशी, श्वास ओढल्याचा आवाज आला. मग घशात काहीतरी हललं. मग ‘त्’. पुरता ‘त’ पण नाही, जिभेनं दाताला टेकवलेली नुसती सुरुवात. तो आवाज माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नसणार. मी तो ऐकला आणि ओरडलो. आधी ऐकला, मग ओरडलो. तीन दिवस मी हा क्रम उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला. आंघोळीच्या टबात बसून पाहिला, ट्राममध्ये खिडकीशी उभं राहून पाहिला. नाही. आधी ऐकलं. त्या बाई आपलं नाव गोळा करत होत्या आणि मी त्या रिकाम्या जागेत माझं घुसवलं.

“कुरामित्सु-सान,” सेन्सेई म्हणाले, “अकरा वर्षं तुम्ही मला नळाची आणि पुलाची वर्णनं देत आलात. सगळं नीट, सगळं जागच्या जागी, आणि जीव कशातच नाही. मी म्हणायचो, हा माणूस कशावर तरी झाकण ठेवून बसलाय. आज काढलंत.” मग ते कवितेकडे वळले. “हातमोजा एकानं दुसऱ्याला चढवलाय. हे दोन हात एका माणसाचे नाहीत. वाचताना मला शंका होती, पण तुमचं नाव आलं आणि लख्ख झालं. बायको हा शब्द नाही, आजार नाही, मरण नाही. नुसता एक हात आणि दुसरा हात. मिसाओ-सान जाऊन तीन हिवाळे झाले ना?” मी मान हलवली. “हॉस्पिटलात त्यांचे हात गार पडायचे. तुम्ही हातमोजे चढवायचात. असंच ना?” इथे पुन्हा एकदा मुदत होती. सेन्सेई उत्तरासाठी थांबले होते, बारा तोंडं माझ्याकडे वळली होती, नोंदवाल्या बाईंनी रुमाल काढला होता. मी म्हणालो, “हो.” पहिलं नाव निसटलं असं एक वेळ धरू. पण हा ‘हो’ कुणी निसटवला?

आणि खरी मेख अशी की ते खोटं नव्हतं. मी मिसाओच्या हातांवर हातमोजे चढवले होते. गार पडतात म्हणून नव्हे. नाकातली नळी ती उपसून काढायची, म्हणून. हॉस्पिटलानं एक कागद पुढे केला, मी सही केली. जाड, गुबगुबीत, बोटं नसलेले हातमोजे असतात, मनगटाशी पट्टीनं आवळायचे. आवळले की त्या हातांना काही धरता येत नाही, काही सोडता येत नाही, नाक खाजवता येत नाही. दुपारी मी गेलो की नर्स ते काढून ठेवायची, कारण नवरा शेजारी आहे. पाच वाजता मी निघालो की परत चढवायचे. नर्सबाई धावपळीत असायच्या. एकदा म्हणाल्या, “कुरामित्सु-सान, तेवढं तुम्हीच कराल का?” मी केलं. मग रोज मीच करायला लागलो. मिसाओ दोन्ही हात पाठीमागे घ्यायची, पोरं नखं कापताना घेतात तसे. “आज नको हो,” म्हणायची. “आज मी नाही हात लावणार, शपथ.” मी म्हणायचो, “नर्स रागावतील. उद्या बघू.” एक्केचाळीस दिवस उद्या बघू. मी चांगलं घट्ट आवळायचो. नीट काम करायची सवय. शेवटच्या आठवड्यात ती हात पाठीमागे घ्यायची थांबली, स्वतःच पुढे करायची. मला वाटलं, चला, सवय झाली. हे सगळं माझ्या आत तीन वर्षं पडून होतं आणि त्यावर मी पुलांची वर्णनं रचत होतो. सेन्सेईंनी झाकण बरोबर ओळखलं होतं. खाली काय आहे ते मात्र त्यांनी आपल्या मनानं भरलं, आणि ते इतकं सुंदर भरलं की मी त्याला ‘हो’ म्हणालो. बायकोच्या हातात मायेनं हातमोजा सरकवणारा एक म्हातारा त्या खोलीत उभा राहिला, सगळे त्याच्यासाठी रडले, आणि मी त्याच्या जागेवर जाऊन बसलो.

ताकेयोबाई समोर बघत होत्या. चेहऱ्याची उजवी बाजू तशीही हलत नाही, आणि मी बसलो होतो उजव्याच बाजूला. म्हणून त्यांना काय वाटतंय ते मला दिसलं नाही, आणि मी वाकून पाहिलंही नाही. बैठक संपल्यावर सून वर आली. “सासूबाई, झाली का मजा?” तिनं विचारलं आणि त्यांच्या अंगावर कोट चढवला. मग बाईंनी खिशातून हातमोजा काढला आणि डाव्या हातानं उजव्या हातावर घालायला घेतला. उजवा हात टेबलावर पडलेला, बोटं मुडपलेली. एकेक बोट सरळ करायचं, भोकात घालायचं, ते परत मुडपायचं, परत काढायचं. सगळे कोट घालून दाराशी थांबलेले. पुरे पाच मिनिटं लागली असतील. सून मदतीला वाकली तर बाईंनी मान हलवली. आणि संपल्यावर त्या तशाच उठल्या. डावा हात उघडाच. बाहेर नदीवरून वारा सुटलेला, आणि काम करणारा हात उघडा, कारण त्याला हातमोजा चढवायचा तर तो उजव्यानं चढवायला हवा. एक हात दुसऱ्या हाताला चढवतो. दुसरा पहिल्याला कधीच नाही. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. पायानं चढवणार का, म्हणे. आईशप्पथ सांगतो, तिथे जमीन फाटली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

बुधवारी सकाळी मी सेन्सेईंकडे गेलो. आमच्या मंडळाच्या मासिकाच्या जानेवारी अंकाची जुळणी चालली होती, चटईभर कागद. पहिलं पान वर ठेवलेलं: हातमोजा, खाली माझं नाव, त्याखाली सेन्सेईंचं पानभर भाष्य. “या या, आजचे कवी!” ते हसले. “आमची सून म्हणते, भाष्य लिहून झाल्यापासून मी चार घास जास्त जेवतोय.” मी गुडघ्यांवर बसलो, कपाळ चटईला टेकवलं आणि सांगून टाकलं. कविता होरी-सानची, चिठ्ठी मी उतरवलेली, नाव मी ऐकलं होतं. सगळं. मिसाओचं नाही सांगितलं. तेवढं धाडस नव्हतं. मला वाटलं, आता हाकलून देतील. मला तेच हवं होतं, खरं तर. हाकललं असतं तर हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं. पण सेन्सेईंनी पहिलं पान उचललं, चष्मा चढवला आणि पुन्हा वाचलं.

“अरेरे,” ते म्हणाले. “म्हणजे हे दोन्ही हात तिचेच?”

“हो.”

“मग ही साधी गोष्ट झाली हो.”

मला नीट कळेना. “सेन्सेई, उलट. डावा हात उघडाच राहतो. मी पाहिलं. एक चढवतो, पण दुसरा कधीच—”

“ते तुम्ही पाहिलंत. कवितेत आहे का?” त्यांनी बोट ओळींवरून फिरवलं. “उघडा हात कुठे आहे इथे? झटका कुठे आहे? वाचणाऱ्यानं होरी-सानच्या घरी जाऊन बघून यायचं का? दुखणाईत माणसानं आपली अडचण टिपली, एवढंच. वाईट नाही. आतल्या पानात घेता येईल, पंधरा-वीस जणांत.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, सेन्सेई, मिसाओ तरी कुठे होती कवितेत? माझी मेलेली बायको तुम्ही कुठून आणलीत? तीन ओळींत ना ती होती, ना हॉस्पिटल, ना माया. माझं नाव ऐकलंत आणि सगळं सामान आत नेऊन ठेवलंत. आता नाव बदललं तर घर रिकामं म्हणता. हे सगळं मी गिळलं. कुठल्या तोंडानं बोलणार? चोरानं न्यायाधीशाला कायदा शिकवायचा का? आणि त्या बिचाऱ्यांचाही चेहरा उतरला होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एक पान मनासारखं लिहून झालं होतं, आणि मी सकाळी सकाळी येऊन ते फाडलं होतं.

थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, “एक सांगू? तुम्ही आलाच नव्हतात असं समजू. कविता पहिल्या पानावर राहते, वर्षानुवर्षं लोक वाचतील. नाव तुमचं राहील, त्याला इलाज नाही. नाहीतर नाव तिचं, आणि कविता आतल्या गर्दीत. कवितेचं भलं कशात आहे ते बघा. होरी-सानला विचारलंत का?” विचारलं नव्हतं. त्यांच्या कवितेचं काय करायचं ते मी दुसऱ्यांदा त्यांना न विचारता ठरवून आलो होतो. “शुक्रवारी अंक छापायला जातो,” सेन्सेई म्हणाले.

तिथून मी तडक ताकेयोबाईंकडे गेलो. ट्रामचे सहा थांबे. मनात वाक्यं जुळवत होतो, आणि लाज अशी की तीही मला वळणदार सुचत होती. सुनेनं दार उघडलं. “अय्या, कुरामित्सु-सान! सासूबाईंनी सांगितलं मला, तुमच्या कवितेला मान मिळाला. अभिनंदन हं!” म्हणजे बाईंनी घरी हे सांगितलं होतं. कसं सांगितलं असेल? किती वेळ लागला असेल ते वाक्य जुळवायला? सुनेनं संत्री ठेवली, चहा ठेवला, “बसा, मी दुकानातून येते,” म्हणाली आणि गेली. बाई खालून ऊब देणाऱ्या बैठ्या टेबलाशी, त्याच्या रजईत पाय घालून बसल्या होत्या. यावेळी मी डाव्या बाजूला बसलो, चेहरा दिसेल असा. आणि जुळवलेली वाक्यं सोडून सरळ बोललो. ऐकलं होतं मी तुमचं नाव, होरी-सान. ऐकून ओरडलो. सेन्सेईंकडे जाऊन आलोय, ते असं असं म्हणतात, पहिलं पान किंवा तुमचं नाव. आणि मग, का कोण जाणे, मिसाओचंही सांगितलं. पट्टी कशी आवळायचो, ती हात कसे लपवायची, एक्केचाळीस दिवस. ते कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. सांगता सांगता माझा आवाज फाटला, आणि फाटताना मला उगाच आशा वाटली की आता ही बाई माझ्यावर दया करेल. तिची वस्तू चोरून तिच्याकडेच सांत्वन मागायला आलो होतो. माणूस किती खाली जाऊ शकतो त्याला तळ नाही.

त्यांना बोलायला वेळ लागला. मी थांबलो. आधी श्वास, मग घसा हलला, मग ओठाचा डावा कोपरा.

“नाव,” त्या म्हणाल्या. एवढं लवकर आलं, की मी दचकलो. “माझं. मागचं... पान... चालेल.”

“हो,” मी म्हणालो. “आजच कळवतो.” आणि कपाळ टेकवायला वाकलो. वाटलं, संपलं, आता उठावं. पण त्यांनी डावा हात वर केला. अजून होतं. मी परत बसलो. त्यांचे डोळे माझ्यावर होते, रागाचे नव्हते, चौकस होते, बैठकीत कागद हातात आल्यावर असतात तसे.

“तुम्ही... निवडली... होतीत? पाचांत?”

गेल्या तीन दिवसांत मला कुणीही काहीही विचारलं असतं तर त्याची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. खोटं बोलणं किती सोपं होतं! निवड वाचून झालेली, पण त्यांना इतकं कुठलं आठवतंय. ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि मलाही. निदान डोळस चोर ठरलो असतो.

“नाही,” मी म्हणालो.

“का?”

“मला वाटलं... हातमोजा हातानंच चढवतात. त्यात काय.”

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. खरंच हसली, खांदाही हलला. मग ते हसू जाईपर्यंत त्या थांबल्या आणि पुन्हा श्वास ओढला. यावेळी फार वेळ लागला. बाहेरून सायकल गेली, केटलीतलं पाणी उकळून गप्प झालं. शब्द एकेक करून आले.

“आवडली... नव्हती... तर... घेतलीत... कशाला?”

त्यांनी डाव्या हातानं एक संत्रं माझ्यापुढे सरकवलं आणि उत्तराची वाट बघत बसल्या. त्यांना काही घाई नव्हती.